काकांची रायफल आणि अलास्काची एक सीट

चार मराठी माणसं जमली की मंडळ निघतं. आमच्या ॲन आर्बरमध्ये रायफलवाल्यांचं निघालं! सभासद तीन, किस्से मात्र फ्रीजमधल्या डब्यांसारखे. एक काढायला जावं तर मागून चार अंगावर येतात.

डॉक्टरकाका आमचे गुरू. रिटायर्ड भूलतज्ज्ञ, शिकारीचे जुने शौकीन. दोन हजार पाच साली ते अलास्काला मूसच्या शिकारीला निघाले. मूस म्हणजे घोड्याएवढं हरीण, त्यामुळे रायफलही तशीच दांडगी. सोबत नेणार एकालाच. मला, नाहीतर परागला.

"माझ्या थ्री सेवंटी फाइव्ह रायफलचा धक्का जो न घाबरता सोसेल, तो येईल," काका म्हणाले.

पराग नागपूरचा, ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा. साल्याला सगळं माझ्या आधी मिळालं. ग्रीन कार्ड आधी, घर आधी. निदान अलास्का तरी मला मिळावं की नाही?

*

सरावाच्या पहिल्याच शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर मी रायफलच्या दुर्बिणीला डोळा चिकटवून बसलो. काका ओरडले, "अरे, डोळा मागे घे!" तोवर धडाम! दुर्बिणीची कड भुवईत घुसली, रक्ताची चंद्रकोर उमटली.

सोमवारी ऑफिसात सगळे विचारायला लागले. पराग म्हणाला, "काही नाही, यानं मूस फार जवळून पाहिला!"

सगळे हसले. मीही हसलो. आतून असा जळत होतो म्हणता!

*

"खांद्याला घट्ट दाबून धर. सैल धरलीस तर ती धाव घेऊन मारते," काका सांगायचे. मी घट्ट धरली, तरी खांदा वांग्यासारखा जांभळा. मग डोकं चालवलं. मुलाचे दोन डायपर शर्टाच्या आत खांद्यावर कोंबले. काय सांगू, धक्का निम्म्यावर!

तिसऱ्या शॉटला एक डायपर घसरला तो थेट परागच्या बुटावर.

"काऊन बे, इतका घाबरला का?"

*

मग परागनं स्वतःच्या रायफलला मझल ब्रेक बसवून घेतला. नळीच्या तोंडाला भोकं असलेलं नळकांडं. गॅस बाजूनं बाहेर पडतो, धक्का कमी होतो. पठ्ठ्या आरामात बार काढायला लागला, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

पण बाजूला कोण बसलं होतं? मी! त्या झोतानं माझी टोपी उडाली, पोळीभाजीही उडाली.

काका म्हणाले, "छान. मारणार पराग आणि सोसणार शेजारी!"

ते वाक्य मी बायकोला आठवडाभर ऐकवलं.

*

पुढच्या खेपेला काकांनी स्वतः रायफल भरून माझ्या हातात दिली. मी चाप ओढला. टिक्! बार नाहीच. पण माझे डोळे गच्च मिटलेले, खांदा मागे, आणि तोंडातून "मेलो!"

काकांनी गुपचूप खोटं काडतूस घातलं होतं. "बघ, धक्का बसायच्या आधीच तू घाबरतोस. नेम तिथेच चुकतो."

मग परागला तेच. टिक्! पापणी हलली नाही.

"वा! जाड जॅकेट घेऊन ठेव रे," काका त्याला म्हणाले. "पुढच्या शनिवारी पक्कं करू."

पापणी कशी हलेल? माझी फजिती बघून तो सावध झाला होता! काकांना हे कळू नये? मला तर त्या आठवड्यात जेवण गोड लागेना.

*

शेवटचा शनिवार. परागची पाळी होती. काकांचं लक्ष दुसरीकडे असताना मी त्यांच्याच डब्यातलं खोटं काडतूस काकांच्या रायफलमध्ये सरकवलं. आता बघू बेट्याची पापणी!

तेवढ्यात पराग म्हणाला, "काका, गाडीतून चहाचा थर्मास आणतो." आणि गेला.

काकांनी रायफल उचलली. "तो येईपर्यंत एक मी मारतो."

"काका, थांबा!" मी ओरडलो. पण त्यांच्या कानांवर आवाज रोखणारे जाडजूड मफ!

टिक्!

काकांचे डोळे गच्च मिटलेले. खांदा वीतभर मागे. आणि तोंडातून स्पष्ट, "आई गं!"

मी लांबच्या टार्गेटकडे बघत राहिलो. काकांनी रायफल उघडली, खोटं काडतूस काढलं, निरखून पाहिलं आणि खिशात टाकलं.

पराग थर्मास घेऊन आला. "काय काका, कसा गेला शॉट?"

काकांनी चहा ओतून घेतला. एक घोट घेतला.

"पराग," ते म्हणाले, "अलास्काला मी याला नेतोय."