धाकटीचा वारा

धाकटी वाऱ्याकडे कधी पाहत नसे. ती भुशाकडे पाहत असे. सालेकशाजवळच्या आमच्या खळ्यावर धानाची उफणणी चाले, तेव्हा ती हात मागे बांधून बाजूला उभी राही. उफणणाऱ्या सोनाबाईला ते खपत नसे.

"नुसती पाऊन कायले राहिली? सूप धर!"

"तू उडव. मी वारा मोजून राहिली."

"वारा मोजून पोट भरते का, बाई?"

"भरते ना. तिकडं त्याचाच पगार भेटते."

ते खरे होते. माझी ही सर्वांत लहान मुलगी बंगळुरूला संशोधन करी. मी आयुष्यभर मुख्याध्यापक; मला भूगोल येतो, आकाश येत नाही. तिने मोजक्या वाक्यांत समजावले. सूर्यापासून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहतो. तो दिसत नाही. वाटेत धूमकेतू आला की हे कण त्याच्या वायूतले इलेक्ट्रॉन हिसकावून घेतात आणि त्या झटापटीत क्ष-किरण बाहेर पडतात. बर्फाच्या थंड गोळ्याभोवती क्ष-किरण! उपग्रहावरच्या दुर्बिणीने ते टिपायचे आणि त्यांवरून वारा ओळखायचा. "जिथं आपलं यान जात नाही, तिथं देवानं भुसा उडवून ठेवला आहे, बाबा," ती म्हणे. देवावर तिचा विश्वास नव्हता. वाक्य सोयीचे होते.

तिला सिकलसेल हा रक्तातला जन्मजात विकार होता. आमच्या भागाला हा आजार नवा नाही. लहानपणी सांधे दुखू लागले की ती रडत नसे, चिडत असे. आई पाय चेपायला बसली की म्हणे, "जोरानं दाब. लाड नको करू." हा स्वभाव माझा. तिच्यात तो मला आवडला नाही.

शेवटच्या धूमकेतूवरून तिचा वरिष्ठांशी वाद झाला. क्ष-किरण कमी-जास्त होतात ते धूमकेतूच्या वायूमुळे, असे त्यांचे मत. नुसती प्रखरता पाहू नका, किरणांची ऊर्जा पाहा, असे हिचे म्हणणे. त्यावरून कण कोणते ते कळते, आणि वारा मंद की वेगवान तेही. या वेळी वारा मंद होता, असे तिने लिहून दिले. वाऱ्याचा वेग प्रत्यक्ष मोजणारे एक यान त्या सुमारास योगायोगाने धूमकेतूच्या बाजूलाच होते. त्याची मोजणी यायची होती. तिचे सारे काम त्या एका शब्दावर उभे होते.

त्याच काळात दुखणे उलटले आणि ती घरी आली.

"चुकली असशील तर?" मी विचारले.

"तर चुकली म्हणून लिहीन. पण मले माहीत पडलं पायजे, बाबा."

गोंदियाच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावलेला असताना तिने आईला विचारले, "फोन आला का?"

"येईल. तू बोलू नको."

ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

तेरवी झाल्यावर तिच्याबरोबर काम करणाऱ्या मुलीचा फोन आला. मुलगी हिंदी बोलणारी. यानाची मोजणी आली होती. ती आलेख समजावू लागली. मी थांबवले.

"बेटी, इतना ही बताओ. हवा धीमी थी या तेज?"

"धीमी, अंकल. उसने लिखा था, वही."

आत धाकटीची आई तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "धाकटी बरोबर होती."

तिने हात थांबवला नाही. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "तिले आता कोन सांगन?"