अठरावी जागा

हिंमतराव म्हस्के यांचा राग नाकाच्या शेंड्यावर, पण एखाद्या खेळाडूला टाकून द्यायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. विश्रांतवाडीच्या मुलींच्या हॉकी संघाला ते वर्षानुवर्षं शिकवत होते आणि त्यांची शिट्टी चाले तसाच त्यांचा शब्दही चाले. तो पहिल्यांदा अडला निशापाशी.

निशा वाघोलीहून दोन बस बदलून यायची. सतराव्या वर्षी ती अचानक ताडमाड वाढली आणि हातापायांचा मेळच सुटला. सोपा पास स्टिकखालून निसटायचा, धावताना पायात पाय अडकायचा. "दम धरा, वाढतं अंग हाय," असं हिंमतराव दोन वर्षं सगळ्यांना ठणकावत होते. समजावून सांगणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

राज्य स्पर्धेचा संघ निवडायला कमिटी मैदानाशेजारच्या शेडमध्ये बसली. सतरा नावं भराभर ठरली. अठरावी निशा की शेफाली, यावर गाडं अडलं. शेफाली म्हणजे हिंमतरावांची सख्खी नात, आघाडीला खेळणारी, वाऱ्यासारखी पळणारी.

"अजून किती थांबायचं, हिंमतराव?" सेक्रेटरी वैजनाथ कुलकर्णी म्हणाले. "त्या मुलीचे हातपाय जुळेपर्यंत आपल्या सगळ्यांची पंचाहत्तरी होईल. आणि घरात तयार पोर असताना आपण परक्यासाठी भांडताय. धन्य आहे."

हे हिंमतरावांना झोंबलं. नातीनं किती घाम गाळला होता ते त्यांनी रोज पाहिलं होतं. तिला डावलताना त्यांचं काळीज तुटत होतं, तरी ते हटले नाहीत.

"निशाच खेळंल. माझा शब्द हाय."

"शब्दानं गोल अडत नाहीत, अहो."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. हात वर करून निकाल लावायचा ठरला, आणि निकाल काय लागणार ते उघड होतं. तेवढ्यात सराव अर्धवट टाकून शेफाली दारात येऊन उभी राहिली.

"काका, मी बोलू?"

"बोल की. तुझंच चाललंय," वैजनाथ हसून म्हणाले.

"निशाताई बॉल घेऊन पळते तेवढंच तुम्ही बघता. पण ती डिफेन्सला खेळते ना? रोज तिच्यासमोरून बॉल मला न्यावा लागतो. दिवाळीपासून एकदाही नेता आलेला नाही. कुठूनही काढा, तिची स्टिक आधीच तिथं पोचलेली असते. एवढे लांब हात आता तिच्या ताब्यात आलेत."

वैजनाथांनी चष्मा काढून पुसला. "आणि तुझी जागा?"

"तिला चकवलं की सांगते," शेफाली म्हणाली. "तोवर ती तिची."

हात वर करायचं राहूनच गेलं. वैजनाथांनी यादीत निशाचं नाव घातलं आणि चहा मागवला. हिंमतरावांना नातीचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून ते तिच्यावर खेकसले, "मग हितं काय उभी ऱ्हायलीस? ती मैदानात थांबलीय. जा, चकवून दाखव!"