कोपरा फाटलेलं पाकीट

मी भित्री आहे, आजही. टपालवाला दारासमोर जरा हळू चालला तरी मी दाराआड लपते. कुणाला हसायचं त्यानं खुशाल हसावं.

तेव्हा लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात निजामाचं राज्य होतं आणि दादा इंग्रजांच्या फौजेत, दूर कुठल्याशा बर्फाच्या मुलखात. त्याच्याबरोबर गावातला त्याचा दोस्तही गेला होता, पलीकडच्या गल्लीतल्या विधवा मावशीचा एकुलता एक. दोस्ताला लिहिता येत नव्हतं, म्हणून दोघांचं पत्र एकच. दादा लिहायचा आणि खालच्या कोपऱ्यात दोस्त शाईचा अंगठा उठवायचा. मावशी आमच्याकडं ऐकायला यायची. वाचून झालं की कागद घेऊन त्या अंगठ्याला डोळे लावायची. वाचणारी मी, अकरा वर्षांची. शाळेत सगळं उर्दू, पण मराठीची बाळबोध अक्षरं दादानंच पाटीवर गिरवून घेतली होती. त्यामुळं माझी मिजास काही विचारू नका.

त्या दिवशी आलेल्या पाकिटाचा खालचा कोपरा फाटलेला होता.

आता समजावून सांगावं लागतं, तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे कुणीतरी गेलं. असलं पत्र घरात घ्यायचं नाही. आईनं ते अंगणातल्या दगडावर ठेवायला लावलं. आबा मुरुमच्या बाजाराला गेलेले, ते संध्याकाळी येणार. वहिनी जोत्यावर बसली आणि तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. बांगड्या झाकत होती ती. ते बघून माझी पाचावर धारण बसली.

तेवढ्यात मावशी आली. पाकीट दिसताच ती वहिनीला खेटून बसली. "रडू नगंस बाई. माझं लेकरू हाय तिथं. त्यानं तुझ्या मालकाला एकटं सोडलं नसंल." मग माझ्यावर डाफरली, "वाच की गं! बापाची वाट बघत बसलीस तर ही पोरगी भ्यानंच मरंल."

मी पाकीट उघडलं. आतल्या कागदाचाही कोपरा नव्हता. घडीतून एक वाळकं फूल मांडीवर पडलं. जांभळं, नखाएवढं, खाली बारक्या पानांचा गच्च झुबका. पहिलीच ओळ होती, 'मी खुशाल आहे.' ती मी वाचली कसली, बोंबललेच.

"आई तुळजाभवानी!" म्हणत आई मटकन खाली बसली. वहिनी रडत होती की हसत होती, कळेना. मावशी म्हणाली, "अगं, धाडलंय न्हवं त्यानं फूल, खोव की तिच्या अंबाड्यात." स्वतः विधवा, म्हणून तिनं हात लावला नाही. आईनं खोवलं.

आणि मी पुढच्या ओळी बघितल्या.

'कोपरा मीच फाडला आहे. माझा दोस्त गेला. जाळायला लाकूड नव्हतं, दगडांखाली ठेवला. इथं झाड उभं राहत नाही, जमिनीला चिकटून एवढंच फुलतं. त्याच्या उशाशी होतं. आबांनी हे फूल मावशीला नेऊन द्यावं.'

वहिनीच्या अंबाड्याकडं बघवेना.

"पुढं? माझा काय म्हणतोय?"

देवा, कुणीतरी मला उचलून न्यावं असं वाटलं. मी म्हणाले, "नमस्कार सांगितलाय. लई थंडी हाय म्हणतोय."

"बरं. दे कागद, अंगठा बघते."

मी कागद छातीशी आवळला. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती ओढून घेईल याची भीती वाटली. "अंगठा त्या कोपऱ्यावरच होता मावशी. टपालात फाटून गेला."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी खाली मान घातली. मग ती उठली आणि वहिनीपाशी गेली.

"वाक जरा, बाई."

अंबाड्यातलं फूल तिनं स्वतःच्या हातानं काढलं, डोळ्यांना लावलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. "भिऊ नगंस पोरी. चांगलं वाचलंस."

संध्याकाळी आबा तिला सांगायला गेले. तिच्या घरात चूल पेटलेली नव्हती.