चांगुणाबाईंचा अर्धा धवला

रोज सकाळी सात वाजता चांगुणाबाई आमच्या खोलीसमोरच्या दगडावर आमच्याकडे पाठ करून बसायच्या आणि कोंबड्यांना विचारायच्या, "ती दोगां गेली का?"

कोंबड्या दाणे टिपत राहायच्या. मग बाईच त्यांना समजावून सांगायच्या, "नाय गेली. जातील. माना कनाची घाई?"

घाई त्यांना भयंकर होती. ऐंशीच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यात, वैशाखात त्यांच्या नातीचं, वनिताचं लग्न होतं, आणि अंगणात मांडव पडण्याआधी आम्ही दोघांनी तोंड काळं करावं अशी त्यांची इच्छा होती. तीही त्यांनी आम्हाला कधी समोरासमोर सांगितली नाही. कोंबड्यांना सांगितली, तुळशीला सांगितली, मासे साफ करताना बोंबलांना सांगितली. आणि ते मासे धुतलेलं पाणी बरोबर आमच्या उंबऱ्याशी ओतलं.

आम्ही म्हणजे मी आणि नीला. मी ठाण्याच्या एका कारखान्यात नकाशे गिरवणारा ट्रेसर, ती शाळेत चित्रकलेची शिक्षिका. कल्याणच्या कोर्टात सह्या करून लग्न केलेलं. माझे आईवडील मी लहान असतानाच वारलेले, त्यामुळे माझ्या बाजूने विरोध करायलाही कोणी शिल्लक नव्हतं. नीलाच्या वडिलांनी मात्र दोघांच्या वाटणीचा विरोध एकट्याने केला आणि ठाण्यातल्या घराचं दार लावून घेतलं. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या जुन्या वस्तीत, चांगुणाबाईंच्या मुलाने, हरीभाऊंनी, शेतात चार खोल्यांची चाळ बांधली होती. त्यातली कोपऱ्यातली खोली आम्हाला मिळाली. हरीभाऊ सज्जन. आईसमोर त्यांचा आवाज फक्त खोकल्यापुरता निघत असे.

चांगुणाबाई म्हणजे सत्तरीची, काटकुळी, कपाळभर गोंदण, नाकात नथीचं भोक ओघळून लांबलेलं. आणि गळा असा की त्यांनी हाक मारली तर खाडीपलीकडे कोणीतरी ओ देईल. त्या धवलारीण होत्या. इथल्या आगरी लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. तिच्या गाण्याशिवाय लग्नाचं पान हलत नाही. भटजी उशिरा आला तर चालतो. आसपासच्या गावांतली निम्मी जोडपी आपण लावलीत, असा बाईंचा हिशेब होता, आणि रस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही नवरा-बायकोला त्या आपल्या हाताखालून गेलेला माल असावा तशा बघायच्या.

आमचं भांडण इथेच होतं. "धवला नाय, तं लगीन नाय," हे त्यांचं मत. कोर्टातला कागद त्यांना एकदा मी मुद्दाम, नाटकी वाकून, दाखवला होता. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला, आणि हरीभाऊंकडे देत म्हणाल्या, "याच्यान कोन गायला?" म्हणजे आमचं लग्न झालेलंच नव्हतं, आणि बिनलग्नाचं जोडपं असलेल्या अंगणात त्या स्वतःच्या नातीला हळद लावू देणार नव्हत्या.

मीही काही साधा नव्हतो. आम्ही दोघं हौशी नाटकवाले. त्या उन्हाळ्यात ठाण्याच्या एका स्पर्धेसाठी एकांकिका बसवत होतो आणि तालमी आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत चालत. त्यात एक दुष्ट सासूला उद्देशून लांबलचक स्वगत होतं. ते मी खिडकीत उभा राहून, दगडाच्या दिशेने, रोज म्हणत असे. खरं तर एकांकिकेत ते शेवटी एकदाच होतं. बाई शांतपणे ऐकायच्या आणि स्वगत संपलं की कोंबड्यांना म्हणायच्या, "भूक लागली वाटतं त्याला."

नीलाने एकांकिकेसाठी कागदाच्या लगद्याचे अकरा मुखवटे केले होते. ते तिने अंगणात उन्हाला वाळत घातले. दुपारी येऊन पाहतो तर अकराही मुखवटे पालथे. "भूतां सुकवलीत माज्या अंगनान," बाई दोरीवरच्या लुगड्याला सांगत होत्या. नीलाने ते पुन्हा सुलटे केले. बाईंनी पुन्हा पालथे केले. असं तीन दिवस चाललं. पण गंमत म्हणजे एकही फुटला नाही. स्पर्धेत आमची एकांकिका पडली, मुखवट्यांना मात्र बक्षीस मिळालं. त्या दिवशी आम्ही श्रीखंड आणलं आणि एक वाटी चांगुणाबाईंना नेऊन दिली. त्यांनी ती आमच्यादेखत कुत्र्यापुढे ठेवली. कुत्र्याने आवडीने खाल्लं.

त्याच आठवड्यात नीलाला दिवस असल्याचं पक्कं झालं. चौथा सरत आला होता. तिने आईला पत्र लिहिलं. त्याआधीही दोन लिहिली होती. पोस्टमन दिसला की ती पाट्यावरून उठायची, आणि तो पुढे गेला की पुन्हा बसायची. उत्तर आलं नाही. मी कोणाला काही बोललो नव्हतो, पण चांगुणाबाईंचे डोळे होते. "दोगां होती, आता तीन झाली," त्यांनी कोंबड्यांना कळवलं, आणि त्याच संध्याकाळी हरीभाऊ खोकत आले. म्हणाले, हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत खोली मोकळी करा. आय ऐकत नाही.

पंधरा दिवस. नवी खोली, पोटुशी बायको आणि वैशाखाचं ऊन. त्या उन्हाळ्यात मी हसायचं थांबलो असा हा एकच प्रसंग.

तोडगा काढला हरीभाऊंनीच. आईला म्हणाले, तूच धवला म्हण ना त्यांचा, मग तर झालं? चांगुणाबाईंनी दोन दिवस नुसती भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, आमच्या दारात तोंड करून उभ्या राहिल्या.

"गाईन," म्हणाल्या. "पन नावा पायजेत. धवल्यान पोरीच्या आयचा नाव येते, बापाचा येते, मामा उभा लागते. मी खोटा नाव घेत नाय. तुजी मानसा?"

मी म्हणालो, माझे आईवडील वारले.

"मेलेली चालतील. ती खोटा नाय बोलत. हिची?"

नीला म्हणाली, बोलावते.

चौथं पत्र गेलं. उत्तर नाही. आणि इथे मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली, जी फक्त नाटकवालाच करू शकतो. दिगंबर नावाचा माझा मित्र, कारखान्यातच होता, आमच्या नाटकांतले सगळे म्हातारे करायचा. त्याला मी नीलाच्या आईवडिलांच्या वतीने आलेला मामा केला. मिशा त्याच्या स्वतःच्या होत्या, पांढऱ्या आम्ही केल्या. फेटा नीलाने शिवून दिला. शिवताना ती खूप हसली आणि मग मध्येच सुई थांबवून दाराबाहेर बघत बसली, पण मी तेव्हा दिगंबरला मामासारखं कसं खाकरायचं ते शिकवण्यात रंगलो होतो.

अंगणात पाट मांडले. तांदळाच्या पिठाने चौक काढला. वनिताने आम्हाला हळद लावली. चांगुणाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या आणि गायला लागल्या, आणि मी तुम्हाला सांगतो, तोवर त्या बाईंना मी फक्त शिव्या देताना ऐकलं होतं. तो आवाज दगडावर बसून कोंबड्यांशी बोलणारा आवाज नव्हता. माझ्या मेलेल्या आईला त्यांनी नावाने हाक मारली आणि माझा अभिनय तिथेच संपला. मग त्या मुलीकडे वळल्या. मामाला पुढे ये म्हणाल्या. दिगंबर ऐटीत खाकरून पुढे झाला. मग आईचं नाव आलं. कुसुमबाई, लेक पाटावर बसली, बघायला ये, अशा अर्थाचं काहीतरी.

नीला पाटावरून उठली.

"बाय, थांबा," म्हणाली. "हा माझा मामा नाही. माझं कोणी आलेलं नाही."

दिगंबरच्या मिशीची एक बाजू घामाने काळी होत होती. चांगुणाबाई माझ्याकडे चालत आल्या. मला वाटलं, थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"माज्या तोंडानं खोटा वदवलास," त्या हळूच म्हणाल्या. "सत्तर लग्नां गायली असतील, सातशे गायली असतील. अर्धा कवा ठेवला नाय. आता हा अर्धा तोंडान ऱ्हायला तं वनिताचा कसा गाऊ?"

त्यांचा तो स्वतःचा कायदा होता. एक धवला अर्धवट असताना दुसरा उचलायचा नाही. गावातल्या दुसऱ्या धवलारणी असलं काही मानत नव्हत्या. हरीभाऊंनी भीत भीत सुचवलं की मोहने गावची कोणी गाणारी आणू. आईने नुसतं पाहिलं आणि त्यांना खोकला आला. स्वतःच्या नातीच्या हळदीत धवलारीण आजीने गप्प बसायचं, आणि ते माझ्यामुळे. हळद उद्यावर आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगड रिकामा होता. बाई नवं लुगडं नेसून आमच्या दारात.

"चल," मला म्हणाल्या. "तिच्या बापाचा घर दाखव."

ठाण्यापर्यंत त्या गाडीत माझ्याकडे पाठ करून बसल्या. नीलाच्या वडिलांना द्यायची बातमी मी वाटेत मनात बसवत होतो, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा. दार त्यांनीच उघडलं. मला पाहून लावायला गेले, तर मध्ये चांगुणाबाईंचा पाय.

आमच्या दृष्टीने तो विषय संपलेला आहे, असं ते माझ्या डोक्यावरून जिन्याला म्हणाले. त्यांची आणि बाईंची पद्धत एकच निघाली याचं मला तशातही हसू आलं.

"तुज्या पोरीसाठी मी आलेलीच नाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "ती माज्या घरातशी कवा निंगते त्याची वाट बगतंय. माजा गाना अर्धा हाय. त्याच्यान तुमी लागतंव. आनि पोरीला पाचवा लागला, ता पन सांगतंय."

झालं. माझी बसवलेली बातमी संपली.

आत स्वयंपाकघरात खलबत्त्याचा आवाज चालू होता तो थांबला. नीलाची आई बाहेर आली, हात दाण्याच्या कुटाने भरलेले. पत्रं पोचली का, असं मी विचारणार होतो. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की घरात पत्र आलंय हेच तिला माहीत नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते.

"कुसुम, तू आत जा," ते म्हणाले.

ती आत गेली. हात धुऊन बाहेर आली आणि मला विचारलं, "डोंबिवलीला उतरून किती चालावं लागतं?"

नीलाचे वडील आले नाहीत. आम्ही तिघंच कोपरला आलो. मायलेकींची भेट मी सांगणार नाही, कारण चांगुणाबाईंनी ती होऊच दिली नाही. "रडायचा ता मागून," म्हणून त्यांनी नीलाला हाताला धरून पाटावर बसवलं. मामाचं काय, असं मी चाचरत विचारलं. "आय आली, आता मामा कनाला? तू बस गप."

धवला त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरला नाही. जिथे तुटला होता तिथूनच उचलला. कुसुमबाई, लेक पाटावर बसली. कुसुमबाई पुढे आल्या आणि लेकीच्या पाठीशी उभ्या राहिल्या. मग बापाच्या नावाची जागा आली आणि चांगुणाबाई थांबल्या. ठाण्याला ते त्यांनी विचारलं नव्हतं, आणि सांगायला ते स्वतः आले नव्हते. नाव नीलाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. पण बाई आमच्याकडे बघत नव्हत्या. त्या नीलाच्या आईकडे बघत होत्या.

त्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घ्यायची ती उखाण्यात, चारचौघींनी अडवलं तर. नीलाने मला नंतर सांगितलं की आईच्या तोंडून बाबांचं नाव तिने कधी ऐकलंच नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा ती कार्ड पुढे करायची.

"वासुदेव," कुसुमबाई म्हणाल्या. उखाणा नाही, लाजणं नाही. किराणा सांगावा तसं.

चांगुणाबाईंनी ते नाव घेतलं आणि धवला शेवटपर्यंत नेला.

संपल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, आता ही बाई विरघळणार. वाकून नमस्कार करायला मी पुढे झालो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"लगीन लागला तुमचा," म्हणाल्या. "आता पोटुशी पोर माज्या खोलीन कनाला? पयला बालंतपन आयशीच्या घरान. आजच ने गो हिला."

"नेतेच आहे," नीलाची आई म्हणाली आणि खोलीत जाऊन लेकीची पातळं बॅगेत भरू लागली.

हरीभाऊंनी धीर करून विचारलं, "आय, पन पोरीचा बाप घरान घेल का?"

"त्याचा नाव घेतलाय मी," चांगुणाबाई म्हणाल्या. "आता कुठं जातंय तो?"

आम्ही तिघं बॅगा घेऊन अंगणातून निघालो तेव्हा त्यांनी वळूनही पाहिलं नाही. वनिताला पाटावर बसवून त्या तिच्या आईला ओरडत होत्या, आणि घसा साफ करून पुढचा धवला धरत होत्या.