गावाच्या विम्याची हरवलेली कार्डं

नोकरीत मी खून पाहिले, बुडालेली माणसं किनाऱ्यावर ओढून काढली, घरफोड्या तपासल्या. त्यातलं निम्मं आता आठवत नाही. पण विम्याच्या कार्डांचं ते प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. त्यात ना रक्त होतं, ना शस्त्र. तरी एका बाईचा जीव त्याच्यावर अडकला होता.

मी सातवी शिकून पोलिसात शिपाई म्हणून भरती झाले आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. या प्रकरणाच्या वेळी माझी नेमणूक अलिबागजवळच्या एका ठाण्यात होती. दिवाळी होऊन गेली होती. सकाळची हजेरी झाली आणि एक माणूस अर्ज घेऊन आला. अंगावरचा शर्ट चुरगळलेला, डोळे लाल. बायको अलिबागच्या एका खाजगी दवाखान्यात होती. पित्ताशयात पू झाला होता आणि डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशन लांबवू नका.

"विमा हाय आमचा, बाई," तो म्हणाला. "सगल्या गावाचा हाय. पन कार्डंच न्हाय आली. एजंटानं खाल्लं आमाला."

त्याचं गाव नारळाच्या वाड्या संपून भातशेती लागते तिथलं. एकट्यादुकट्या घराला आजारपणाचा विमा परवडत नव्हता. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी डोकं चालवलं. सगळ्या गावानं एकदम घेतला तर कंपनी हप्ता खाली आणते, हे त्यांना एका एजंटानं सांगितलं होतं. बायका दारोदार फिरल्या आणि एकही घर सोडलं नाही. पांढऱ्या कांद्याच्या चार माळा विकल्या की घराचा वर्षाचा हप्ता निघायचा, इतका तो उतरला. पैसे गेले, पण कार्डं कुणी पाहिली नव्हती. बायका विचारायच्या, पुरुष सांगायचे, येतील.

आमच्या साहेबांनी अर्ज चौकशीला घेतला आणि माझ्याकडे दिला. मी कंपनीला फोन लावला. कार्डं आम्ही पावसाळ्यातच एजंटाकडे पाठवली, असं तिथून उत्तर आलं. पण दवाखान्यानं आधीच त्यांना कळवलं होतं, की रुग्णाकडे कार्ड नाही आणि नातेवाईक फसवणूक झाली म्हणतात. त्यामुळे पोलिसांचा अहवाल आल्याशिवाय या गावाची एकही मंजुरी द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. फसवणूक निघाली तर सगळ्या गावाचा विमा रद्द होणार होता. म्हणजे ती बाई खाटेवर आणि तिच्या ऑपरेशनची किल्ली माझ्या टेबलावर. मला हे अजिबात आवडलं नाही.

दुपारी खबर आली. मांडव्याला जाणाऱ्या सहा आसनी रिक्षाचा एक ड्रायव्हर आमचा माणूस होता. त्याचा फोन आला. "बाई, तुमचा विमेवाला जेट्टीवर बसलाय. बॅग हाय हातात. मुंबईची बोट पकडतोय."

दोन शिपाई धावले आणि त्याला घेऊन आले. पस्तिशीचा माणूस, घामानं निथळलेला. साहेब म्हणाले, "पळत होता, बाई. गुन्हा दाखल करून टाकू."

मी म्हटलं, "साहेब, आधी बोलू द्या त्याला."

पळणारा माणूस बोटीची वाट बघत सगळ्यांसमोर बाकावर बसत नाही, हे मला अनुभवानं ठाऊक होतं. पण तेवढ्यावर कुणाला सोडता येत नाही.

"मुंबईला कशाला निघाला होतास?"

"दुसरी कार्डं मिळतात का बघायला. त्या बाईंचं कळलं मला. फोनवर कंपनीवाले दाद देत नव्हते."

"पहिली कुठं गेली?"

"गावात दिली, मॅडम. लावणीच्या दिवसांत. सगळे शेतावर होते. देवळात दोन म्हातारे होते, त्यांच्या हातात पाकीट दिलं."

"सही घेतली?"

त्यानं मान खाली घातली. सही घेतली नव्हती. दोघे गावचे मानकरी, त्यांच्याकडे सही काय मागायची, असं त्याला वाटलं. साहेब माझ्याकडे बघून हसले.

मी त्या दोन मानकऱ्यांना बोलावणं धाडलं. एक वरच्या आळीचा, एक खालच्या आळीचा. खालच्या आळीचा तर आजारी बाईचा चुलत सासरा. दोघे वेगवेगळ्या रिक्षांतून आले आणि बाकाच्या दोन टोकांना बसले. विचारलं तर दोघांचं एकच उत्तर, "आमी काय पाकीटबिकीट घेतलं न्हाय."

आता एजंटाचं काही खरं नव्हतं. मी त्याला पुन्हा आत घेतलं. खोटं बोलणाऱ्याला तेच तेच विचारलं की तो तेच तेच सांगतो. खरं बोलणाऱ्याला दर वेळी काहीतरी नवीन आठवतं. म्हणून मी त्याला सांगितलं, देवळाच्या पायरीपासून सुरू कर, काही गाळू नकोस.

तो सांगत गेला. चपला काढायला लावल्या. पाकीट त्यांनी फोडलं नाही, आधी देवीपुढे ठेवलं. त्याच्यावर कुंकू वाहिलं. नारळ फोडून अर्धी वाटी त्याला दिली.

"नारळ दिला? तुला?"

"हो. बायकोनं त्याची चटणी केली."

मी उठले. फसवायला आलेला माणूस असली चटणी रचून सांगत नाही. शिवाय मी याच पट्ट्यात वाढलेली. सगळ्या गावासाठी काही आलं, मग तो पंपाचा कागद असो की शाळेची घंटा, ते पहिल्यांदा देवीपुढे जातं, हे मला कुणी सांगायला नको होतं. पाकीट देवळात पोचलं होतं. तिथून पुढं कुठं गेलं, एवढंच उरलं.

खालच्या आळीच्या मानकऱ्याला मी एकट्याला बसवलं. चहा मागवला. तो पिईना.

"काका, पाकीट कुठं आहे?"

"मी काय करनार? त्याची चावी त्याच्यापाशी हाय."

मी चावीचं नावही काढलं नव्हतं. मी नुसतं विचारलं, "कसली चावी?" म्हाताऱ्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा पडला.

मग सगळं बाहेर आलं. गावात देवीची एक पेटी. तिच्यात देवीचे चांदीचे मुखवटे आणि गावाचं जे काही मोलाचं ते. पेटीला दोन कुलुपं, एकेका आळीकडे एकेक चावी, आणि दोन्ही आळ्या हजर असल्याशिवाय ती उघडायची नाही. कार्डं त्या दोघांनी मिळून पेटीत ठेवली. नवरात्रात मुंबईला कामाला असलेली पोरं येतात, तेव्हा सगळ्यांसमोर वाटू, असं ठरलं. पण नवरात्रात पालखी आधी कुठल्या आळीत न्यायची यावरून भांडण पेटलं. पालखी निघाली नाही, पेटी उघडली नाही. मुखवटे आत राहिले, त्यांच्याबरोबर विमाही आत राहिला. आता जो दुसऱ्याकडे चावी मागायला जाईल त्याच्या आळीनं माघार घेतली असा अर्थ होणार होता. म्हणून दोघांनी तोंड शिवून घेतलं.

"अहो, तुमच्या घरची सून आहे ती," मी म्हटलं.

"मना वाटला, बरी व्हईल," तो म्हणाला. "पोटातच तर दुखत व्हता."

मी त्याला बरंच काही ऐकवलं. ते इथे लिहीत नाही.

वरच्या आळीच्या मानकऱ्यालाही आत घेतलं. तो आधी माझ्यावरच उखडला. "तुमी बायमानूस, देवीच्या पेटीत कशाला पडता?"

"देवी पण बायमाणूसच आहे. चावी आणली का?"

"त्यानं दिली का आधी?"

"न्हाय देनार," खालचा म्हणाला. "आधी त्याला देऊ दे."

साठी उलटलेली दोन माणसं, आणि बोलणं बालवाडीतलं. पण मला एक कळलं होतं. दोघांनाही पेटी उघडायला हवी होती, फक्त एकमेकांना विचारायचं नव्हतं. मी म्हटलं, "त्यानं तुम्हाला विचारलं नाही, तुम्ही त्याला विचारलं नाही. पोलिसांनी मागितली, असं गावात सांगा." डोक्यावरची टोपी काढून मी दोघांच्या मध्ये उलटी धरली. "दोघांनी एकदम टाका. कुणाची आधी पडली ते मी बघणार नाही."

दोघांनी कनवटीच्या चाव्या काढल्या. एकमेकांच्या हाताकडे बघत टोपीत टाकल्या. वरच्या आळीच्या म्हाताऱ्यानं इतका मोठा श्वास सोडला, की दारातला शिपाई हसला.

गावात गेलो तेव्हा देवळाभोवती बायकांचीच गर्दी होती. दोन पंच घेतले, गुरवाला पुढं केलं. मुखवट्यांच्या खाली, लाल फडक्यात, पाकीट होतं. कुंकू लागलेलं, न फोडलेलं. साहेब म्हणाले, मुद्देमाल म्हणून जप्त करा. मी म्हटलं, जप्त केली तर कार्डं पेटीतून निघून आपल्या कपाटात पडतील, आणि बाईला काय मिळेल? गुन्हा दाखल झालेला नव्हता, अर्जाचीच चौकशी होती. साहेबांना पटलं. पंचनामा केला आणि तिथल्या तिथं बायकांच्या गटाला कार्डं देऊन पोच घेतली. गटाच्या अध्यक्षीणबाई दोन्ही मानकऱ्यांसमोर म्हणाल्या, "आता ज्याची त्याच्या घरात ठेवा. देवीला आजार होत न्हाय."

बायका तिथूनच कार्डं वाटायला निघाल्या.

फसवणूक नाही, असा अहवाल मी त्याच दिवशी कंपनीला पाठवला. एजंटाला सोडलं. तो घरी न जाता दवाखान्यात गेला आणि मंजुरी येईपर्यंत तिथून कंपनीला फोनवर फोन करत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईला ऑपरेशनला घेतलं. ती वाचली. गावाचा विमाही राहिला. नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात डबा खात होते.  मी म्हटलं, "बरं झालं. आता तूही जेव." फोन ठेवला आणि खूप दिवसांनी मला जेवण गोड लागलं.

गरिबाला आजारपणात आधार हवा तर विमा स्वस्त पाहिजे, हे खरंच. त्या बायकांनी तो स्वस्त करून घेतला, तेही कुणी न शिकवता. पण आमच्या माणसांची एक खोड आहे. मोलाची वस्तू म्हटली की तिला कुलूप लावायचं, आणि कुलूप लावलं की त्याचा मान आला. आधाराची वस्तू मानाची झाली की ती वेळेला उपयोगी पडत नाही.

महिनाभरानं ती बाई नवऱ्याबरोबर पेढे घेऊन ठाण्यात आली. अशक्त होती, पण चालत आली. मी विचारलं, "कार्ड कुठं आहे?"

नवरा म्हणाला, "घरी, कपाटात, कुलपात हाय."

बाईनं त्याच्याकडे बघितलंही नाही. कमरेचा बटवा सोडला, मिश्रीच्या डबीखालून कार्ड काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. "कपाटात कार्डाच्या जागी आमच्या लग्नाचा फोटो ठेवलाय मी," ती म्हणाली. "ह्ये माज्यापाशी ऱ्हानार."