एका दमात दोरा

छातीच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते स्वतःच खोकत खोकत येतात आणि बाकावर बसतात! नव्वदच्या दशकात सुरतच्या लिंबायतमध्ये मी अशाच एका छोट्या दवाखान्यात होते. पॅडवरून केसपेपर फाडून देणं, औषधं देणं, पेशंटना रागावणं, सगळी खाती माझ्याकडे. गुजराती पेशंट मला सरोजबेन म्हणत, खानदेशी नुसतं ताई. बहुतेक जण लूमवरचे, म्हणजे यंत्रमागावरचे, कामगार, आणि बहुतेकांच्या खिशात बिडीबंडल.

आमचे डॉक्टर नाशिकचे. बिडीचं नाव काढलं की भडकायचे. स्वतः मात्र अकराच्या चहानंतर मागच्या दाराने बाहेर जाऊन सिगरेट ओढून यायचे. हे गुपित फक्त मला आणि अख्ख्या लिंबायतला माहीत होतं!

*

एक रिक्षावाला म्हणाला, "साहेब, बाकी सगळ्या सोडतो, पण सकाळची पहिली बिडी नाही. तिच्याशिवाय पोटच साफ होत नाही."

"तो निकोटीनचा चाळा आहे," डॉक्टर म्हणाले. "एकदा सवय लागली की शरीर साध्या कामालाही लाच मागतं. कोमट पाणी पी आणि गल्लीत चार चकरा मार."

पंधरा दिवसांनी तो परत आला. "जमलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"जमलं ना साहेब! पण चाळीत संडास एकच. चकरा मारून येतो तोवर माझा नंबर गेलेला असतो!"

*

एक मावशी नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आल्या. "ह्यांना चांगलं रागवा. बिड्या ओढून छातीचं वाटोळं केलंय." बोलता बोलता त्यांनी मिश्रीची डबी उघडली.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, फुफ्फुसं काळी करतो तो धूर. पण हात परत परत बिडीकडे नेतं ते निकोटीन. आणि ते तुमच्या डबीतही आहे."

मावशींनी डबी मिटली आणि त्या एकदम वैतागल्या. "म्हणजे मलाही सोडावी लागणार? अहो, पण नाही सोडली तर ह्यांना रागावू कुठल्या तोंडानं!"

नवरा बाकावर बसून पहिल्यांदाच हसला.

*

आता भिकाआप्पा. अमळनेरकडचे, 'आहे'ला 'शे' म्हणणारे, वीस वर्षं लूमवर. लूमवर आडवा दोरा नेतो तो धोटा. त्यातली कांडी संपली की नवी घालतात, आणि दोऱ्याचं टोक बाहेर काढायला धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावून श्वास आत ओढतात. सुर्रकन दोरा बाहेर! दोऱ्याचे तंतू छातीत जातात म्हणून डॉक्टर त्यालाही ओरडायचे, पण शेडमध्ये हुक वापरतो कोण? एका दमात दोरा काढेल तो खरा कारागीर. आप्पांना आता तीन-चार दम लागत, आणि तोवर लूम उभा. शेठने सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत जमलं नाही तर गावी जा.

"ताई, गावले जाईसन काय करू? माले हाईच काम येस," सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी त्यांच्या हातात आमची फुंकणी दिली. फुंकणी म्हणजे काटा बसवलेली प्लास्टिकची नळी. जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि छातीत किती दम आहे ते कळतं. आप्पांनी नळी तोंडात धरली, सगळा जोर एकवटला आणि... ओढलं! काटा जागचा हलला नाही. पुन्हा समजावलं, पुन्हा ओढलं! वीस वर्षांत भोकाला तोंड लावून फुंकायची वेळच कधी आली नव्हती.

डॉक्टरांनी वैतागून केसपेपरवर लिहिलं, शून्य.

आप्पांनी वाकून वाचलं. "शून्य? साहेब, मी जित्ता शे ना!"

मग मी त्यांना आधी मेणबत्ती विझवायला लावली, नंतर नळी दिली. काटा कसाबसा सरकला. डॉक्टर म्हणाले, "गेलं ते सगळं परत येणार नाही आप्पा, पण बिडी सोडली तर उरलेलं वाचेल." आप्पांनी तिथल्या तिथे बंडल माझ्या टेबलावर ठेवलं.

*

तीन आठवड्यांनी आप्पा तणतणत आले. "साहेब, बिडी सोडी आनि खोकला वाढना!"

"वाढणारच," डॉक्टर म्हणाले. "श्वासनळीत बारीक केस असतात, झाडूसारखे. धुराने ते निजवून ठेवले होते. आता उठलेत आणि वीस वर्षांचा कचरा काढतायत."

आप्पा खूश झाले. बाहेर बाकावर एक मास्तर साध्या सर्दीने खोकत होते. आप्पांनी त्यांची पाठ थोपटली. "खोका मास्तर, खोका! झाडू चाली राह्यना!"

*

एक दिवस आप्पांच्या शेजारच्या लूमवरचा सुकदेव पेढे घेऊन आला. ठणठणीत माणूस, आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता.

"आप्पांचा दोरा अडला की मीच काढून द्यायचो," तो सांगू लागला. "धोट्याचा बिडीचा वास माझ्या तोंडाला! बायको म्हणायची, चोरून ओढता. ताई, आता वास गेला, काल पहिल्यांदा तिनं विश्वास ठेवला!"

*

दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. फुंकणी फुंकली. काटा पहिल्या दिवसाच्या खुणेच्या कितीतरी पुढे गेला. मग त्यांनी पिशवीतून नवा कोरा धोटा काढला, भोकाला तोंड लावलं आणि सुर्रकन... एका दमात दोरा बाहेर! मला तर रडूच आलं.

"शेठ काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हने, गावले जाय." आप्पा मुद्दाम थांबले. "दिवाळी कर, आनि सुट्टी सरनी का परत ये!"

मग त्यांनी दोरा परत आत घातला, धोटा धुतलेल्या रुमालाने पुसला आणि डॉक्टरांपुढे धरला. "साहेब, आते तुम्ही."

डॉक्टर हसले, ताठ बसले, ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं आणि असा ठसका लागला की मी पाण्याला धावले. बाकावरचे सगळे दाराशी येऊन उभे.

आप्पांनी माझ्या टेबलावरचं पेन उचललं. "ताई, साहेबना केसपेपर कोठे शे? शून्य लिखनं शे."

डॉक्टरांनी डोळे पुसले, पाण्याचा पेला खाली ठेवला.

"सरोजताई, नवा केसपेपर फाडा," ते म्हणाले. "नाव मी सांगतो."