नुसती सीट बसवणारा बाळू

तुम्ही कधी देवळातली घंटा तीनदा वाजवून पुजाऱ्याला "ओके!" म्हणालात का? मी म्हणाले आहे. न्हावऱ्याच्या देवळात, भर सोमवारी!

माझा काय दोष? शिरूरकडच्या एका मोटारसायकल कंपनीत मी शेवटच्या तपासणीला असते. लाईनवरून गाडी आली की डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, ब्रेकचा दिवा, तीनदा हॉर्न, आणि मग मोठ्यानं "ओके!" हाताला आणि तोंडाला तीच सवय लागली. पुजारी बिचारे शांतपणे म्हणाले, "बाई, देव पास झाला का?"

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की भाजीच्या वासाबरोबर तेही बाहेर येतात. आमच्या टेबलावर आम्ही तिघं. मी, वायरिंगवरची मंगल आणि सीट बसवणारा बाळू. बाळू दौंड तालुक्यातल्या राहूचा. वय चौतीस, स्वभाव सरळ, पण लग्न काही जमत नाही. त्यामुळे विषय कुठलाही निघो, आमची गाडी शेवटी बाळूच्या लग्नापाशी येऊन थांबते.

*

सरकारचा नवीन नियम आला की आम्हाला ट्रेनिंग असतं. एकदा साहेबांनी एबीएस समजावून सांगितलं. "जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होत नाही, गाडी घसरत नाही. कुणाला काही शंका?"

मंगलनं हात वर केला. "सायेब, ह्ये माणसाला बसवता येतं का?"

"माणसाला कशाला?"

"आमचे मालक रोज संध्याकाळी घसरत्यात!"

ट्रेनिंग तिथंच संपलं. साहेब फळ्याकडं तोंड करून बराच वेळ हसत होते.

*

हॉर्नच्या आवाजालाही नियम आहे. किती मोठा असावा, ते ठरलेलं असतं. एकदा तपासणीला बाहेरून एक साहेब आले. त्यांनी आवाज मोजायचं मीटर गाडीसमोर धरलं आणि मला खूण केली. मीटरचा आकडा एकदम नियमाच्या वर गेला! आमच्या मॅनेजरांचा चेहरा पांढरा पडला.

मी घाबरत म्हणाले, "साहेब, मी अजून हॉर्न दाबलाच नाही."

लाईनच्या त्या टोकावरून मंगल मला जेवायला हाक मारत होती.

*

आता बाळूचं सांगते. गेल्या वर्षी तो दौंडकडं मुलगी बघायला गेला. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "कंपनीत काय करता?"

"मोटारसायकली बनवतो."

"आख्खी?"

बाळूला खोटं बोलता येत नाही. "न्हाई, मी सीट बसवतो."

"आन् बाकीची गाडी?"

"बाकीची बाकीच्यांनी बसवायची."

"मंग तुमची सवताची गाडी कुठाय?"

"दारात हाय ती मित्राची हाय."

चार दिवसांनी निरोप आला, "पोरगं चांगलंय, पण नुसती सीट बसवतंय!"

बाळूनं दोन दिवस डब्याला हात लावला नाही. मलाही वाईट वाटलं. मंगल मात्र भडकली. "आन् सीट नसती तर त्यो म्हातारा बसला असता कशावर? टाकीवर?"

तिसऱ्या दिवशी बाळूनं डबा उघडला आणि मला म्हणाला, "काकू, आता पुढच्या पोरीच्या दारात जाईन ते आपल्या सवताच्या गाडीवर."

*

गाडी कर्जावर देणाऱ्या फायनान्सवाल्यांनी आमच्या कॅन्टीनमध्ये टेबल मांडलं होतं. बाळूनं फॉर्म भरला. वाचताना टेबलामागचा माणूस एका ओळीवर अडकला. वैवाहिक स्थिती या रकान्यात बाळूनं लिहिलं होतं, "प्रयत्न चालू".

"अहो, विवाहित का अविवाहित, एवढंच लिहायचं."

"नुसतं अविवाहित लिहिलं की लोकांना वाटतं, आपण गप बसलोय," बाळू म्हणाला.

त्या माणसानं तसाच फॉर्म पुढं पाठवला.

*

कर्ज द्यायच्या आधी फायनान्सवाले घरी चौकशीला येतात. गुरुवारी आम्हाला सुट्टी. त्या दिवशी दौंडहून स्वप्नाली नावाची एक मुलगी स्कूटीवर राहूला गेली. हातात फाईल, गळ्यात ओळखपत्र. वाटेत तिला बाळूचे शेजारी आप्पा भेटले.

"बाळासाहेब इथंच राहतात ना? कसे आहेत स्वभावानं?"

"सोनं हाय!"

"दारू वगैरे?"

"चहा बी अर्धाच पितो."

"घर स्वतःचं आहे? शेती किती?"

आप्पांनी सगळं सांगितलं, तिला घराचा लांबचा रस्ता दाखवला आणि लगेच बाळूच्या आईला फोन लावला. "वैनी, पोहे टाका! पोरगी सवताच चौकशीला आलीया. नवा जमाना!"

स्वप्नाली पोचली तेव्हा अंगणात सतरंजी होती आणि सतरंजीवर निम्मी आळी. बाळू गोठ्यातून हात धुऊन आला. फाईल बघून त्याला सगळं कळलं, पण आईनं त्याला इस्त्रीचा शर्ट चढवायला लावला आणि तोंड उघडू दिलं नाही. "तू गप. तू बोलला की जमलेलं मोडतंय."

पोहे झाले. स्वप्नालीनं पेन काढलं. "काकू, किती वर्षांसाठी घ्यायचंय? दोन, की तीन?"

आईनं बशी खाली ठेवली. "पोरी, आमच्यात जन्माचं असतंय!"

"नाही, म्हणजे मुदतीआधी मोडलं तर चार्ज लागतो."

"मोडायचं नावच काढू नगंस!"

स्वप्नालीनं चमच्याकडं बघितलं, सतरंजीकडं बघितलं, बाळूच्या इस्त्रीच्या शर्टाकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "काकू, मी मोटारसायकलच्या कर्जासाठी आलेय."

आप्पा म्हणाले, "मंग पोहे दोनदा कशाला घेतले?"

स्वप्नाली लाजली आणि बाळू तिच्याहून जास्त. आईनं तरी तिला कुंकू लावून नारळ दिला. म्हणाली, "काढलाय आता, ठेवायचा कुठं!"

संध्याकाळी मला बाळूचा फोन आला. पार गळून गेला होता. "काकू, गाडी बी गेली आन् अब्रू बी गेली."

मी समजूत घालत होते, तेवढ्यात त्याला दुसरा फोन आला. दोन मिनिटांनी त्यानं परत मला लावला.

"काकू, त्या फायनान्सच्या मॅडम होत्या. म्हणल्या, एक माहिती राहिली. फॉर्मवर लिहिलंय 'प्रयत्न चालू', ते अजून चालूच हायेत का?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हणलं, व्हय. तर म्हणल्या, बरं, मी घरी सांगते. काकू, हापिसात सांगायचं सोडून ह्या घरी का सांगणार?"

पुढच्या गुरुवारी सकाळी आठ वाजता स्वप्नालीचे वडील त्यांच्या जुन्या मोटारसायकलवर राहूला आले. दारात उतरले आणि बाळूला म्हणाले, "सीट जरा हलतीया. बघता का?" बाळूनं घरातून पाना आणला आणि सीट बसवून दिली.